मुंबईला कोणत्या दिवसांत जावे: बेळगाव सीमाभागातील कुटुंबांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून मुंबईला जाणारी बहुतेक कुटुंबे सहलीचे दिवस उलट क्रमाने ठरवतात. आधी मुलांची सुट्टी पाहिली जाते, मग मिळेल त्या तारखेचे तिकीट काढले जाते, आणि त्या दिवसांत मुंबईत ऊन, पाऊस, गर्दी यांपैकी काय वाट्याला येणार आहे याचा विचार बॅगा भरताना होतो. तोवर तारीख बदलणे अवघड झालेले असते. खाली दिलेला क्रम मुद्दाम वेगळा आहे: तिकिटाचा टप्पा त्यात जवळजवळ शेवटी येतो आणि त्याआधीचे सर्व टप्पे कागद, पेन आणि भिंतीवरची दिनदर्शिका एवढ्या साहित्यावर घरबसल्या पार पडतात.

पूर्वतयारी: तीन गोष्टी जवळ घ्या

पहिली म्हणजे तिथी, सण आणि पौर्णिमा-अमावास्या दाखवणारी पुढच्या वर्षापर्यंतची मराठी दिनदर्शिका. दुसरी म्हणजे मुलांच्या शाळेचे सुट्ट्यांचे पत्रक. कर्नाटक राज्य मंडळाच्या आणि केंद्रीय मंडळाच्या शाळांच्या सुट्ट्या जुळत नाहीत, त्यामुळे शेजारच्या मुलाच्या सुट्टीवरून अंदाज बांधू नये. तिसरी म्हणजे ज्या नातेवाइकांकडे उतरायचे आहे त्यांच्याशी एक सविस्तर फोन. त्यांच्या मुलांच्या परीक्षा कधी आहेत आणि ते स्वतः गावी कधी येणार आहेत, हे दोन प्रश्न त्यात विचारलेच पाहिजेत. मे महिन्यात किंवा गणपतीत मुंबईकर नातेवाईक चंदगड, खानापूर किंवा कोकणात गेलेले असतात आणि पाहुणे कुलूप लावलेल्या दारापाशी पोहोचतात, असे प्रकार वाटतात तितके दुर्मीळ नाहीत.

टप्पा १: जाण्याचे मुख्य कारण एका ओळीत लिहा

‘मुंबई पाहायची’ हे कारण दिवस ठरवायला पुरेसे नाही. गेटवे, राणीची बाग, घारापुरीची लेणी असे उघड्यावरचे फिरणे असेल तर कोरडे आणि त्यातल्या त्यात थंड दिवस हवेत. लग्नाची खरेदी मुख्य असेल तर हवामान दुय्यम ठरते आणि बाजारातील गर्दी महत्त्वाची ठरते. लालबाग-परळचे गणपती पाहायचे असतील तर ऋतू निवडण्याचा प्रश्नच उरत नाही. तेथे पाऊस आणि गर्दी गृहीत धरूनच तयारी करावी लागते. परळच्या रुग्णालयांत उपचारासाठी जाणाऱ्यांनी डॉक्टरांनी दिलेली तारीख पाळावी. त्यांना या लेखातील पावसाळ्याचा आणि प्रवासाचा भाग तेवढा उपयोगी पडेल.

इशारा: एकाच फेरीत दर्शन, खरेदी, लेणी, समुद्र आणि सर्व नातेवाइकांच्या भेटी बसवू पाहणाऱ्यांना कोणताच हंगाम पुरत नाही. दोन कारणे लिहिली गेली असतील तर त्यांतील पहिले कोणते, हे आताच ठरवा.

टप्पा २: घरच्या बाजूचे अडलेले दिवस आधी खोडा

दिनदर्शिकेवर प्रथम आपल्याकडचे दिवस खोडायचे. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत जुलैमध्ये भाताच्या लावणीला आणि पावसाळा सरल्यावर सुगीला घरातील माणूस हलू शकत नाही. उसाच्या पट्ट्यात नोव्हेंबरपासून गाळपाचा हंगाम सुरू होतो आणि तोड कधी येईल हे कारखान्याच्या यादीवर अवलंबून राहते. तोडीची तारीख हाती नसताना घरातील कर्त्या माणसाचे तिकीट काढणे धाडसाचे आहे. बेळगावकरांना वैशाखातील शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक चुकवायची नसते, तीही याच वेळी नोंदवावी. नाहीतर तिकीट निघाल्यावर घरातील तरुण मंडळी ऐनवेळी माघार घेतात.

यानंतर सुट्ट्या. सीमाभागातील मराठी कुटुंबाला एक सोय आहे, जी कोल्हापूर-साताऱ्याच्या कुटुंबांना नाही, आणि ती फारसे कोणी वापरत नाही. कर्नाटकातील राज्य मंडळाच्या शाळांना उन्हाळी सुट्टी साधारणपणे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागते आणि मेअखेरीस शाळा पुन्हा सुरू होतात. महाराष्ट्रात ती बहुधा मेच्या सुरुवातीस लागून जूनच्या मध्यापर्यंत चालते. म्हणजे एप्रिलच्या उत्तरार्धात आपली मुले मोकळी असतात आणि मुंबईची मुले अजून शाळेत वा परीक्षेत असतात. त्याचप्रमाणे कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते, तर महाराष्ट्रात दिवाळीला. दसऱ्याच्या सुट्टीत मुंबईतील प्रेक्षणीय स्थळी स्थानिक शाळकरी कुटुंबांची झुंबड तुलनेने कमी असते. मात्र याच फरकामुळे नातेवाइकांच्या घरी सहामाहीचा अभ्यास चालू असण्याची शक्यता असते. म्हणूनच त्यांना परीक्षेविषयी आधी विचारायला सांगितले.

पडताळणी: शाळेची सुट्टी दर वर्षी शिक्षण खाते जाहीर करते आणि ती मागील वर्षीच्या तारखांनाच येते असे नाही. पत्रक हाती नसेल तर हा टप्पा अपूर्ण समजावा.

टप्पा ३: मुंबईचे हवामान आपल्या हवामानाशी ताडून पाहा

सर्वाधिक चुका येथे होतात, कारण आपण बेळगावच्या अनुभवावरून मुंबईचा अंदाज बांधतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि मुंबई समुद्राला टेकलेली आहे. एवढ्या एका फरकाने ऊन, पाऊस आणि थंडी या तिन्ही गोष्टींचा अर्थ बदलतो.

प्रथम उन्हाळा. मे महिन्यात दोन्ही शहरांचे दुपारचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंशांच्या घरात असते, आणि वर्तमानपत्रातील आकडे पाहून ‘आपल्यासारखेच आहे’ असा समज होतो. खरा फरक रात्रीत आहे. बेळगावात मेमध्येही रात्री पारा २१-२२ अंशांपर्यंत उतरतो, अधूनमधून वळीव पडून हवा निवते; मुंबईत पहाटेसुद्धा तो २७ अंशांच्या आसपासच राहतो आणि दमट हवेमुळे घाम वाळत नाही. दिवसभर फिरून आलेल्या आजी-आजोबांना आणि लहान मुलांना नातेवाइकांच्या बैठकीच्या खोलीत पंख्याखाली झोप लागत नाही आणि दुसऱ्या दिवसापासून सहलीचा उत्साह ओसरतो. त्यामुळे उन्हाळ्यात जायचे असेल तर दुपारच्या तापमानाऐवजी रात्रीचे किमान तापमान पाहून निर्णय घ्यावा. मार्च हा सौम्य महिना असल्याचा समजही अर्धाच खरा आहे: पूर्वेकडून कोरडे वारे वाहू लागले आणि समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुटला, की मार्चमध्येही मुंबईचा पारा काही दिवस ३८ अंशांपर्यंत किंवा त्यापुढे जातो.

आता पाऊस. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे आणि परतीची ८ ऑक्टोबर. जुलै हा सर्वांत ओला महिना. सांताक्रूझ येथे त्या एका महिन्याची सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक आहे. जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल आणि ‘पावसाचे आम्हांला काय सांगता’ असे तो म्हणेल. त्याचे म्हणणे पावसापुरते बरोबर आहे. चुकते ते पाण्याच्या बाबतीत. खानापूरच्या उतारावर पडलेले पाणी ओढ्याला लागून वाहून जाते. मुंबईत ते समुद्रात सोडावे लागते, आणि भरतीच्या वेळी समुद्राची पातळी अनेक नाल्यांच्या मुखांपेक्षा वर असल्याने ते शहरातच तुंबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस अपवादात्मक होता, परंतु हिंदमाता, शीव, अंधेरी आणि मिलन भुयारी मार्ग येथे पाणी साचण्याचे दिवस दर पावसाळ्यात येतात.

पावसाळ्यात जाणे टळत नसेल, तर दिनदर्शिकेवर पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आसपासचे तीन-चार दिवस लाल शाईने खुणावा. या दिवसांत उधाणाची भरती असते आणि मुंबईत तिची वेळ साधारणपणे दुपारी बारा-एक आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते. दुपारची ही भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की लोकल रखडतात. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी उंचीची भरती असते. पावसाळ्यातील अपरिहार्य फेरी शक्यतो त्या दिवसांत बसवावी.

इशारा: गेटवेवरून सुटणाऱ्या बोटी पावसाळ्यात समुद्र खवळल्यावर बंद राहतात. घारापुरी हे मुख्य कारण असेल तर जून ते ऑगस्ट हे महिने सरळ खोडून टाका.

ऑक्टोबरविषयी थोडे सावध राहावे. पाऊस परतल्यावर आकाश निरभ्र होते, हवेतील ओल मात्र टिकून राहते आणि दुपारी मे महिन्याची आठवण व्हावी असा उकाडा जाणवतो. दसऱ्याची सुट्टी नेमकी याच सुमारास येते. तरी सकाळी फिरून दुपारी घरात किंवा संग्रहालयात थांबण्याची शिस्त पाळता येत असेल, तर सुट्टीचा तो काळ वापरण्याजोगा आहे.

राहिली थंडी. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ फिरण्यासाठी सर्वांत सुखाचा, यावर फारसे दुमत होणार नाही. जानेवारीत सांताक्रूझचे सरासरी किमान तापमान १६-१७ अंशांच्या आसपास असते, दुपारी मात्र ३० अंशांच्या वर जाते. बेळगावच्या थंडीला सरावलेली मंडळी जाड स्वेटर आणि कानटोप्या घेऊन जातात आणि ते ओझे परत आणतात; रात्रीच्या रेल्वे प्रवासासाठी एक शाल पुरते. या हंगामातील खरी अडचण निराळी आहे. वारा मंदावल्यामुळे धूळ आणि धूर खालीच साचून राहतात आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत मुंबईची हवा अनेकदा खराब असते. घरात दम्याचा रुग्ण असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर आठवडाभर हवेचा निर्देशांक पाहावा आणि शक्य असल्यास पावसाने हवा धुऊन निघालेला सप्टेंबरचा शेवट निवडावा. छत्री लागेल, पण श्वास मोकळा राहील.

टप्पा ४: मुंबईच्या गर्दीचे दिवस वगळा

तीन टप्प्यांनंतर दिनदर्शिकेवर दोन-तीन मोकळ्या खिडक्या उरतील. त्यांतून आता मुंबईचे स्वतःचे दिवस काढायचे. गणेशोत्सवात दक्षिण आणि मध्य मुंबईतील रस्ते, विशेषतः विसर्जनाच्या दिवशी, वाहतुकीसाठी बंद होतात. नवरात्रात महालक्ष्मीला, अंगारकीला सिद्धिविनायकाला आणि ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याच्या माउंट मेरीला मोठी गर्दी लोटते. ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर देशभरातून लक्षावधी लोक येतात; अभिवादनासाठी जाणाऱ्यांची तारीख तीच, परंतु इतरांनी त्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून दादरला उतरण्याचा बेत करू नये. आपल्या बाजूच्या बहुतेक गाड्या दादरलाच येत असल्याने हे अधिक महत्त्वाचे आहे. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉनसाठी पहाटेपासून दक्षिण मुंबईतील मुख्य रस्ते अडवलेले असतात. नाताळपासून नववर्षापर्यंत हॉटेलांचे दर चढे राहतात, म्हणून तो आठवडा मी कोणालाच सुचवत नाही.

गेल्या वर्षीची तारीख पाहून सणांचा अंदाज बांधणे, ही या टप्प्यातील नेहमीची चूक. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला येते. लक्ष्मीपूजनही त्याच कारणाने २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर जाते. अधिक महिन्याच्या वर्षी पितृपक्षापासून दिवाळीपर्यंतचे सारे गणित पुढे सरकते, म्हणजे पाऊस ओसरून गेल्यावर दसऱ्याची सुट्टी मिळण्याची शक्यता वाढते.

मग साप्ताहिक सुट्ट्या. घारापुरीची लेणी आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते. कान्हेरीची लेणी त्या उद्यानातच आहेत. नेहरू तारांगणही सोमवारी बंद असते आणि राणीची बाग बुधवारी. रविवारी लोकलच्या मार्गांवर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक घेतला जातो. एरवी त्या दिवशी डब्यात बसायला जागा मिळते, पण कोणत्या मार्गावर किती वाजता ब्लॉक आहे हे आदल्या दिवशी पाहूनच निघावे.

खरेदीसाठी जाणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. पितृपक्षात बरीच कुटुंबे नवी खरेदी टाळतात, त्यामुळे दादरच्या साड्यांच्या दुकानांत दुकानदाराला साडी उलगडून दाखवायला वेळ असतो. ज्यांना ते चालत नाही त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांनी जानेवारीतील मधले वार पाहावेत.

पडताळणी: आता हाती एक पहिली खिडकी आणि एक पर्यायी खिडकी असली पाहिजे. माझ्या मते, शाळकरी मुले नसलेल्या कुटुंबाने मॅरेथॉनचा रविवार टाळून जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा घ्यावा. शाळकरी मुले असतील तर दसऱ्याच्या सुट्टीचे, दसरा झाल्यानंतरचे दिवस घ्यावेत. एप्रिलचा उत्तरार्ध हा तिसरा पर्याय आहे, आणि तोही रात्री झोपण्याच्या खोलीत वातानुकूलन असेल तरच.

टप्पा ५: वाट मोकळी असेल का ते पाहा

मुंबई कोरडी असली तरी वाट कोरडी असेल असे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे आणि कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. जुलै-ऑगस्टमध्ये मोटारीने जाणाऱ्यांनी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी निघण्याच्या आदल्या रात्री पाहावी. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेमुळे कोल्हापूरच्या आसपास वाहने तुंबतात, हेही एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

बसने जाणाऱ्यांसाठी आणखी एक बाब. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या सुमारास, तसेच बेळगावात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते त्या काळात सीमाप्रश्नावरून तणाव वाढला, तर दोन्ही राज्यांच्या बसफेऱ्या सीमेवरील कोगनोळीच्या अलीकडे-पलीकडे थांबवल्या जातात. त्या दिवसांत प्रवास ठरलाच तर रेल्वेचा पर्याय हाताशी ठेवावा.

गर्दीची दिशाही पाहण्यासारखी असते. दिवाळीच्या आणि मेच्या आरंभी मुंबईहून गावाकडे येणाऱ्या गाड्या भरतात आणि सुट्टी संपताना गावाकडून मुंबईला जाणाऱ्या. मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा या काळात मुंबईकडे जाणारे आरक्षण मिळणे सर्वांत अवघड जाते, आणि त्यातच मोसमी पाऊस दाराशी आलेला असतो. दोन्ही दृष्टींनी हा वर्षातील सर्वांत वाईट काळ आहे. तरीही ‘शाळा सुरू होण्याआधी जाऊन येऊ’ म्हणून अनेक जण नेमका तोच निवडतात.

टप्पा ६: आता तिकीट काढा

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. पूर्वीची १२० दिवसांची मुदत अजूनही अनेकांच्या डोक्यात आहे. मोजताना प्रवासाचा दिवस धरायचा नाही. २७ जानेवारीला निघायचे असेल तर आरक्षण २८ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता उघडते, आणि ३१ जानेवारीच्या परतीचे २ डिसेंबरला. जाण्याचे आणि येण्याचे आरक्षण एकाच दिवशी उघडत नाही, ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे जाण्याचे तिकीट पक्के आणि परतीचे वेटिंगवर अशी अवस्था होते. दोन्ही तारखा दिनदर्शिकेवर आताच लिहून ठेवा.

यातही एक खोच आहे. ही मुदत गाडी तिच्या पहिल्या स्थानकावरून सुटते त्या दिवसापासून मोजतात. चालुक्य एक्स्प्रेससारखी लांबून येणारी गाडी आदल्या दिवशी निघालेली असेल, तर आपल्या स्थानकाच्या तारखेपेक्षा एक दिवस आधीच आरक्षण उघडते. निपाणीकडच्या लोकांना कोल्हापूरहून सुटणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची पडते. कुडची, रायबाग, चिकोडी रोड किंवा घटप्रभा येथून चढणाऱ्यांनी हव्या त्या गाडीला आपल्या स्थानकावर थांबा आहे का, हे आधी पाहावे.

तत्काळ हा शेवटचा उपाय आहे. गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता ते सुरू होते. ऑनलाइन तत्काळसाठी खात्याला आधारची पडताळणी जोडलेली असावी लागते, आणि ते काम त्या दिवशी सकाळी करण्याचे नाही.

इशारा: परतीचे तिकीट पक्के होईपर्यंत हॉटेलला परत न मिळणारी आगाऊ रक्कम भरू नये.

टप्पा ७: निघण्याआधीची अखेरची तपासणी

पाच दिवस आधी हवामान खात्याचा मुंबईचा अंदाज पाहावा. रंगांचा अर्थ ठाऊक असला पाहिजे: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे प्रत्यक्ष कृती करा. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस ‘अतिमुसळधार’पेक्षाही वरच्या श्रेणीत मोजला जातो आणि त्याची शक्यता असेल तेव्हा सहसा लाल इशारा येतो. नारिंगी इशारा असेल तर पहिला दिवस घरातच धरून कार्यक्रम मागे सरकवा. लाल इशारा असेल आणि काम उपचाराचे नसेल, तर पर्यायी खिडकीकडे वळा. पक्के तिकीट गाडी सुटण्याच्या ७२ तासांहून अधिक आधी रद्द केले तर कपात सर्वांत कमी होते का, हे त्या वेळी लागू असलेल्या नियमांत पाहून मगच ते रद्द करावे. आदल्या संध्याकाळी नातेवाइकांना फोन करून त्यांच्या भागात पाणी साचले आहे का, लोकल चालू आहेत का, हे विचारावे आणि दादरला उतरल्यावर कोणत्या बाजूने बाहेर पडायचे, पूर्वेला की पश्चिमेला, तेही त्याच फोनवर विचारून कागदावर लिहून घ्यावे.